स्थिर सरकार आणि चांगला कारभार

(सभासद शिक्षण पाठ)



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडव्याची निगा यांविषयी लिहीत असतो. परंतु सहकारी कारखान्याचा सभासद हा नुसता ऊस पिकविणारा नसतो, तो मतदारही असतो. गावच्या सोसायटीला, ग्रामपंचायतीला, कारखान्याला, विधानसभेला आणि लोकसभेला तो मत देत असतो. म्हणून या अंकात थोडा निराळा पाठ घेत आहोत.

निवडणूक कोणतीही असो, एक वाक्य हमखास कानी पडते : "आम्हांला पूर्ण बहुमत द्या, आम्ही स्थिर सरकार देतो." ऐकणाराला ते पटतेही. ज्या घरात रोज वाटणीचे भांडण, त्या घरची शेती कधी वेळेवर होत नाही. मग रोज डळमळणारे सरकार कारभार काय करणार? हे म्हणणे खोटे नाही, पण ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे कोणते, ते आपल्या राज्याच्या आणि आपल्या जिल्ह्याच्या अनुभवावरून पाहू. कोणत्याही पक्षाची तरफदारी अगर निंदा करणे हा या पाठाचा हेतू नाही.

बहुमत कशाला म्हणावे?

महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ जागा आहेत. निम्म्याहून एक जास्त, म्हणजे १४५ आमदार ज्याच्या पाठीशी, त्याचे सरकार. लोकसभेत ५४३ जागा, तेथे हा आकडा २७२ होतो. राज्यघटनेने असे सांगितले आहे की, राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार राहील. याचा साधा अर्थ असा की, सभागृहाचा विश्वास आहे तोवर सरकार आहे. विश्वास गेला की त्याच दिवशी खुर्ची गेली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. घटनेने सरकारकडे दोन गोष्टी मागितल्या आहेत. एक, सभागृहाचा विश्वास; दुसरी, सभागृहाला जबाब देणे. प्रचारात पहिलीच गोष्ट बोलली जाते. दुसरीचे नाव फारसे कुणी काढत नाही. आपला सगळा पाठ या दुसरीविषयीच आहे.

वेळ मिळाला की काय होते?

स्थिर बहुमताचा पहिला आणि मोठा फायदा म्हणजे वेळ. लांब पल्ल्याची कामे एका हंगामात होत नाहीत. उसाची नवी जात शोधून ती शेतकऱ्याच्या रानात येईपर्यंत दहा-बारा वर्षे सहज जातात. धरण, कालवा, विद्यापीठ यांचेही तसेच आहे.

आपल्या राज्यात याचे ठळक उदाहरण म्हणजे वसंतराव नाईक यांची कारकीर्द. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ अशी सलग अकरा वर्षांहून अधिक काळ ते मुख्यमंत्री होते. १९६७ साली त्यांच्या पक्षाला २७० पैकी २०३, तर १९७२ साली २२२ जागा मिळाल्या. या काळात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे उभी राहिली. आपल्या मराठवाड्याचे परभणीचे विद्यापीठ १९७२ चे. संकरित ज्वारीचा प्रसारही याच काळातला. विद्यापीठाचे फळ पेरल्या वर्षी मिळत नसते. आपण पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकू, ही खात्री असल्याखेरीज कोणी असली कामे हाती घेत नाही.

मग १९७२ चा दुष्काळ आला. आपल्या जिल्ह्यातील आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांना तो सांगावा लागत नाही. खडी फोडणे, पाझर तलाव, नाला बांध, रस्ते यांच्या कामांवर लाखो माणसे होती. त्याच सुमारास वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली. ते तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. सरकार मजबूत होते म्हणून निर्णय झटपट झाले, हे कबूल केलेच पाहिजे.

पण त्याच वेळी विरोधी बाकांवर शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी आणि कम्युनिस्ट मंडळी होती. संख्येने मूठभर, पण गप्प बसणारी नव्हेत. कामावर मजुरी वेळेवर मिळत नाही, धान्य मिळत नाही, यासाठी मोर्चे निघत होते आणि सभागृहात प्रश्न विचारले जात होते. आपल्या उस्मानाबादचे भाई उद्धवराव पाटील याच परंपरेतले. तेव्हा त्या काळातील कामाचे श्रेय मोजताना दोन्ही मापे लावावीत : सरकारला मिळालेला वेळ, आणि सरकारला विचारला गेलेला जाब.

बहुमत आहे, पण स्थिरता नाही

आता दुसरी बाजू पाहू. बहुमत म्हणजे स्थिरता असे आपण धरून चालतो. आपल्याच राज्याचा इतिहास तसे सांगत नाही.

१९८० च्या निवडणुकीत काँग्रेसला २८८ पैकी १८६ जागा मिळाल्या, १९८५ साली १६१ मिळाल्या. दोन्ही वेळा भक्कम बहुमत. तरी १९८० ते १९९० या दहा वर्षांत अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा पाटील, शिवाजीराव पाटील निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि शरद पवार असे सहा मुख्यमंत्री झाले. सरासरी काढली तर एकेकाला दोन वर्षेही पुरती मिळत नाहीत. निलंगेकर आपल्याच भागातले, पण त्यांनाही जेमतेम नऊ-दहा महिने मिळाले. आमदारांची संख्या पुरेशी होती. पण पक्षांतर्गत गट आणि दिल्लीचा कौल यांवर खुर्ची हलत राहिली. याच धामधुमीत, १६ ऑगस्ट १९८२ रोजी, आपल्या जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला.

२०१९ च्या विधानसभेचा अनुभव तर ताजाच आहे. एकाच सभागृहाच्या मुदतीत तीन मुख्यमंत्री झाले. त्यांतील पहिले सरकार चार दिवसही पुरते टिकले नाही. आपल्या जिल्ह्याच्या नावाचेच पाहा. उस्मानाबादचे धाराशिव करण्याचा निर्णय २९ जून २०२२ रोजी मंत्रिमंडळाने घेतला आणि त्याच रात्री मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. राज्यपालांनी बहुमत सिद्ध करण्यास सांगितल्यानंतर घेतलेला निर्णय टिकणार नाही, असे म्हणून नव्या सरकारने १६ जुलैला तोच निर्णय पुन्हा घेतला. केंद्राची मान्यता २०२३ साली आली. नावाबद्दल कोणाचे मत काहीही असो. पडत्या सरकारचा निर्णय पुन्हा घ्यावा लागतो आणि कागद दोनदा फिरतो, एवढे यातून दिसते. अस्थिरतेची खरी किंमत ही असते. पाट, रस्ता, अनुदान, कोणतीही फाईल असो, साहेब बदलले की ती परत खालून वर निघते.

पक्ष बदलून सरकार पाडू नये म्हणून १९८५ साली बावन्नावी घटनादुरुस्ती करून पक्षांतरबंदी आणली. तीत एक तृतीयांश आमदार एकदम फुटले तर चालत असे. ती पळवाट २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने बंद केली. तरीही २०२२ साली काय झाले ते आपण पाहिले. बांध कितीही घाला, पाणी कोठून तरी वाट काढतेच. म्हणजे नुसत्या कायद्याने स्थिरता येत नाही.

बहुमत नाही, तरी काम झाले

आता तिसरी बाजू. ही ऐकून पुष्कळांना नवल वाटेल.

रोजगार हमी योजना १९७२ ची. पण तिला कायद्याचा आधार मिळाला तो १९७७ साली केलेल्या अधिनियमाने, आणि हा कायदा अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. तेव्हा राज्यात पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे अनेक पक्षांनी मिळून केलेले सरकार होते. योजनेपासून कायद्याच्या अंमलापर्यंत नाईक, शंकरराव चव्हाण, वसंतदादा आणि शरद पवार असे चार मुख्यमंत्री झाले. तरी योजना मोडली नाही. का? कारण तिच्यासाठी पैसा वेगळा बांधला होता. शहरातील नोकरदार-व्यावसायिकांवर १९७५ साली जो व्यवसाय कर बसविला, तो यासाठीच. आणि कायद्यात लिहिले होते की, काम मागूनही दिले नाही तर बेकारभत्ता द्यावा लागेल. काम मिळणे ही सरकारची मेहेरबानी न राहता मजुराचा हक्क झाला. मेहेरबानी माणसाबरोबर जाते, हक्क मागे राहतो. पुढे २००५ साली संसदेने सबंध देशासाठी तसा कायदा केला, तोही आघाडीच्या सरकारच्या काळात.

दुसरे उदाहरण आपल्या दारचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे गेली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्याचे ठरले, जागतिक बँकेचे कर्ज घेऊन कार्यक्रम आखला गेला. घरे अर्धी उभी आणि अर्धी व्हायची असताना मार्च १९९५ मध्ये सरकार बदलले. नव्या सरकारातील शिवसेनेकडे ७३ आणि भाजपकडे ६५ आमदार, मिळून १३८. बाकी अपक्षांचा टेकू. बहुमत असे म्हणावे तर काठावरचे. पण पुनर्वसनाचे काम थांबले नाही. गावांच्या याद्या, घराचे माप, पैशाची सोय हे सारे कागदावर ठरलेले होते. आणि संपूर्ण देशाचे लक्ष या गावांकडे होते. मागच्याचे म्हणून टाकून देण्याची सोयच नव्हती.

तिसरे उदाहरण ग्रामपंचायतीचे. १९८४ साली लोकसभेत काँग्रेसला चारशेहून अधिक जागा मिळाल्या होत्या. एवढे बहुमत त्याआधीही कोणाला मिळाले नव्हते, त्यानंतरही मिळालेले नाही. त्या सरकारने पंचायत राजसाठी चौसष्टावे घटनादुरुस्ती विधेयक आणले, ते लोकसभेत पास झाले, आणि ऑक्टोबर १९८९ मध्ये राज्यसभेत पडले. राज्यांचे अधिकार डावलले जातात, असा विरोधकांचा आक्षेप होता. पुढे १९९१ साली नरसिंह राव यांचे सरकार आले, त्याला स्वतःचे बहुमत नव्हते. त्याने तोच विषय पुन्हा आणला, विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे दिले, सर्वांचे ऐकून घेतले, आणि डिसेंबर १९९२ मध्ये ते मंजूर झाले. हीच त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती, २४ एप्रिल १९९३ पासून लागू. आपल्या गावात आज जी महिला सरपंच झेंडा लावते, तिच्या जागेचा पाया त्यात आहे. चारशेवाल्यांना जे जमले नाही, ते कमी संख्येच्या सरकारने चार लोकांना विचारून केले.

यावरून आघाडीच बरी, असे म्हणावयाचे नाही. आघाडीत खाती वाटून घेतली जातात, एकाचे खाते दुसऱ्याला विचारत नाही, आणि चुकले की बोट एकमेकांकडे. १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षे राज्यात एकाच आघाडीचे सरकार होते. त्या काळात माहितीच्या अधिकारासारखा कायदा झाला. पण सिंचनावर एवढा पैसा गेला तर पाणी कोठे आहे, हा प्रश्नही त्याच काळात उभा राहिला, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये शासनाला श्वेतपत्रिका काढावी लागली. सरकार दीर्घकाळ टिकले म्हणजे पाणी रानात पोचले असे होत नाही.

विचारणाराच उरला नाही तर?

आता सर्वांत महत्त्वाचे. बहुमत मोठे आणि जाब विचारणारा गप्प, असे झाले म्हणजे काय होते?

१९७१ साली लोकसभेत काँग्रेसला ३५२ जागा होत्या, राज्यात १९७२ पासून २२२. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. विरोधी नेते तुरुंगात, वर्तमानपत्रांवर नियंत्रण. १९७६ साली बेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली, तीत लोकसभा-विधानसभांची मुदत पाचाची सहा वर्षे केली. लोकांना न विचारता त्यांच्या प्रतिनिधींनी आपली मुदत वाढवून घेतली! त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधानसभेने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. पण कायदा नसतानाही सक्ती झाल्याच्या तक्रारी होत्या. आपल्या शेजारच्या बार्शीत, जेथे आपण आठवड्याच्या बाजाराला जातो, तेथे १९७६ च्या जानेवारीत खेड्यातून आलेल्या माणसांना रस्त्यातून धरून नेल्याच्या तक्रारी झाल्या. छापून यावे तर वर्तमानपत्राचे तोंड बंद, सभागृहात विचारावे तर विचारणारे आत. सरकार अगदी स्थिर होते. धरलेल्या माणसाला त्या स्थिरतेचा काय उपयोग?

पुढे १९७७ साली लोकांनी मताने निकाल दिला आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मुदत पुन्हा पाच वर्षांची झाली.

आणखी एक उदाहरण खास आपल्या सहकाराचे आहे. २०११ साली संसदेने सहकारी संस्थांविषयी सत्त्याण्णवावी घटनादुरुस्ती केली. ती फेब्रुवारी २०१२ पासून लागू झाली. पण सहकार हा राज्याचा विषय, आणि निम्म्या राज्य विधिमंडळांची संमती घेतलेली नव्हती. म्हणून जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यातील संस्थांपुरती ती रद्द ठरविली. संसदेत मते पुरेशी असली तरी ज्यांना विचारावयास हवे त्यांना विचारले नाही, तर कायदाही उभा राहत नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्राने तीन पक्षांच्या युतीला २८८ पैकी २३० जागा दिल्या. समोर कोणत्याही एका विरोधी पक्षाला सभागृहाच्या एक दशांश, म्हणजे २९ जागा मिळाल्या नाहीत. त्यामुळे विरोधी पक्षनेता कोणी व्हावे हाच प्रश्न होऊन बसला. मतदारांनी दिलेला कौल हा कौलच, त्याबद्दल तक्रार नाही. पण सभागृहात विचारणारे कमी झाले म्हणजे बाहेर विचारणाऱ्यांचे काम वाढते, हे आपण सभासदांनी ओळखले पाहिजे.

मग धडा कोणता?

आमच्या भाषेत सांगावयाचे तर स्थिर सरकार हे खोडव्यासारखे असते. नांगरटीचा आणि बेण्याचा खर्च वाचतो, मुळे तयार असतात, पीक लवकर जोम धरते. हा सर्व फायदा खरा. पण "आपोआप येतंय की" म्हणून बुडखे छाटले नाहीत, नांग्या भरल्या नाहीत, वेळेवर खत दिले नाही, तर त्याच रानात उतारा निम्म्यावर येतो. दोष खोडव्याचा नसतो. बांधावर न जाणाऱ्या मालकाचा असतो.

तेव्हा कोणतेही सरकार, मग ते एका पक्षाचे असो की पाच पक्षांचे, तीन कसोट्यांवर तपासावे :

(१) मिळालेल्या वेळेचे काय केले? पुढच्या निवडणुकीपलीकडचे एखादे काम हाती घेतले का?

(२) त्याला विचारता येते का? प्रश्नाला उत्तर मिळते, की विचारणाराच वाईट ठरतो?

(३) माणूस गेला तरी काम चालू राहील, अशी लेखी तरतूद केली का? पैसा बांधला का, हक्क लिहून दिला का?

पहिल्या कसोटीला बहुमताची मदत होते. दुसरी आणि तिसरी मात्र बहुमतातून आपोआप येत नाहीत. त्या लोकांना मागून घ्याव्या लागतात.

आपल्या कारखान्यापुरते

हीच गोष्ट घरात लावून पाहू. संचालक मंडळ एकाच पॅनेलचे आले म्हणजे कारभार सोपा होतो. गाळपाचे नियोजन, तोडणी-वाहतुकीचे करार, यंत्रसामग्रीची दुरुस्ती यांना वेळ मिळतो. निवडणूक बिनविरोध झाली तर खर्चही वाचतो, त्यात वावगे काही नाही. पण निवडणूक बिनविरोध झाली म्हणून वार्षिक सभाही बिनप्रश्न व्हावी, असे कोठेही लिहिलेले नाही. अहवाल हातात पडला की मागचे पान उलटून जेवायला उठायचे, आणि विषय "मंजूर, मंजूर" म्हणत अर्ध्या तासात संपवायचे, ही सवय कारखान्याला महाग पडते. बंद पडलेल्या कारखान्याची थंड चिमणी आपल्या जिल्ह्याने पाहिली आहे. तेथील सभासदांचा भाग गेला, ऊस दुसऱ्याच्या दारात घेऊन जावा लागला. नुकसान एका दिवसात होत नाही. ताळेबंदात ते आधी दोन-चार वर्षे दिसत असते, पण वाचणारा आणि विचारणारा लागतो.

कायदा आपल्या बाजूला आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळावयास हवेत, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. ही तरतूद आल्यापासून दिल्लीत आणि मुंबईत कितीतरी सरकारे आली-गेली. बहुमताची आली, टेकूची आली. हे कलम तसेच राहिले. मात्र ते मागणाराच्याच उपयोगी पडते. कपाटात ठेवलेल्या सातबाऱ्यासारखे त्याचे आहे, गरजेला बाहेर काढावे लागते.

म्हणून येत्या वार्षिक सभेला येताना अहवाल वाचून या. निदान तीन आकडे पाहा : मागील वर्षीचे व यंदाचे एकूण कर्ज, साखर उतारा, आणि ऊसबिलाची थकबाकी. प्रश्न लेखी द्या, शांतपणे विचारा, उत्तर इतिवृत्तात आले की नाही ते पाहा. विचारणे म्हणजे विरोध नव्हे. खुर्चीवर आपलाच माणूस असला तरी विचारावे, किंबहुना आपला असला तर अगोदर विचारावे.

बहुमत आपण देतो ते कामासाठी देतो. हिशेब घेण्याचा हक्क त्याबरोबर देऊन टाकत नाही.

गट बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. रोजगार हमी योजना चार मुख्यमंत्री बदलूनही का टिकली?

२. १९८० ते १९९० या काळात बहुमत असूनही मुख्यमंत्री वारंवार का बदलले? त्याचा आपल्या भागातील कोणत्या कामावर परिणाम झाला, हे जुन्या मंडळींना विचारा.

३. आपल्या गावच्या ग्रामपंचायतीला वरील तीन कसोट्या लावून पाहा. कोणती कसोटी उतरते, कोणती उतरत नाही?

४. कारखान्याच्या मागील वार्षिक सभेत तुम्ही स्वतः कोणता प्रश्न विचारला होता? नसल्यास या वर्षी कोणता विचाराल?

— ऊस विकास अधिकारी